चौरसालाही आयत म्हणा!

‘आकृतीत आयत किती?’ या प्रश्नात मी चौरसही धरला आणि माझा एक गुण गेला. तरी माझे मत तेच आहे. आयताला काय लागते? चारही कोन काटकोन. ते चौरसाला आहेतच की! बाजू सारख्या म्हणून त्याला आयताच्या घरातून हाकलायचे काय? उलटे मात्र चालत नाही. प्रत्येक आयत चौरस नसतो.

घरी मी चार सारख्या तुराट्या सुतळीने टोकांना बांधल्या. (बीडकडे तुराट्यांना काय तोटा!) चौरस झाला. कोपरा रेटला, तर समभुज चौकोन. बाजू त्याच, पण आतली जागा घटली. आणखी रेटले, तर जागा उरलीच नाही! नुसत्या चार बाजू सांगून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त चक्क पिशाच म्हटले आहे.

आमचे सुतारकाका दाराची चौकट जोडताना समोरासमोरच्या बाजू सारख्या धरतात, मग दोन्ही कर्ण सुतळीने मोजतात. तेही सारखे भरले की कोपरे काटकोनात. खिडकीची चौकट चौरस असली तरी रीत हीच. तुराट्या दप्तरात घेतल्यात, उद्या गुरुजींना दाखवतो.