आकाशातला डोळा आणि होडीतला कान

१७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोटाहून ‘इन्सॅट-३डीएस’ हा हवामान उपग्रह अवकाशात झेपावला. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून हिंदी महासागरावर अहोरात्र पहारा ठेवणे, हे त्याचे काम. ढगांच्या माथ्यावरून निघणारी उष्णता तो मोजतो. माथा जितका थंड, तितका ढग उंच. आणि असे ढग एका केंद्राभोवती फिरू लागले, की दर्यावर वादळ आकार घेत आहे असे समजावयाचे. ही सिद्धी थोर आहे, यात शंका नाही.

तथापि या सिद्धीमागील एक ऋण विसरून चालणार नाही. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतभूमीवरून पहिले रॉकेट उडाले, ते केरळातील थुंबा या मच्छीमारांच्या गावातून. त्यासाठी तेथील लोकांनी आपली घरेदारे सोडली, चर्च दिले. त्या चर्चमध्येच शास्त्रज्ञांची कचेरी थाटली गेली. पुढे २०१७ च्या नोव्हेंबरअखेर त्याच किनारपट्टीतील मच्छीमार ‘ओखी’ वादळात सापडले. ३० नोव्हेंबरला चक्रीवादळाचा स्पष्ट इशारा निघाला, तेव्हा कित्येक होड्या खोल समुद्रात होत्या, आणि तेथे मोबाइल मुका असतो. केरळ व तामिळनाडूतील शेकडो माणसे परतलीच नाहीत. भरकटलेल्या काही होड्या पार देवगडपर्यंत आसऱ्याला आल्या.

इशारा पोहोचला म्हणजे भागले, असेही नाही. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ची वर्दी काही दिवस आधीच मिळाली होती. १६ मे रोजी आमच्या गोव्याला झोडपून ते उत्तरेस सरकले. वर्दी असूनही मुंबईनजीकच्या तेलक्षेत्रातील ‘पी-३०५’ हा तराफा समुद्रातच राहिला, आणि सत्तरहून अधिक जीव गेले. उलट ओडिशाने धडा घेतला. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार बळी गेले. २०१३ च्या ‘फायलिन’वेळी लाखो लोकांना आधीच हलविले गेले, आणि बळींची संख्या पन्नासाच्या आत राहिली. उपग्रह १९९९ सालीही होतेच. निवारे आणि गावोगावची सिद्धता मात्र नंतर आली.

होडीवर बसवावयाची, उपग्रहामार्फत दुतर्फा संदेश नेणारी यंत्रे देण्याची देशव्यापी योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे सुरू झाली. आमच्या मते ही यंत्रे आधी लहान होडीवाल्याला मिळावयास हवीत. मालिम, कुटबण, बेतुलच्या धक्क्यांवर हवामानाचा फलक मराठी-कोंकणीत रोज लागावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. डिझेल उधारीवर घेतलेल्या खारवी-गाबीत बांधवाला इशारा म्हणजे बुडालेला रोज. घरी चूल पेटण्याची शाश्वती नसेल, तर तो इशारा ऐकूनही दर्यावर जाणारच. त्या दिवसाची भरपाई शासनाने दिली पाहिजे. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. त्याआधी हे घडावे. थुंब्याच्या मच्छीमारांचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हाला तरी दिसत नाही.