साडेचारशे खाटा आणि एक वजनकाटा

सिल्वासाच्या ‘नमो’ रुग्णालयाचा पहिला टप्पा ७ मार्च २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते खुला झाला. साडेचारशे खाटा, खर्च ४६० कोटींच्या वर. एकेकाळी जड दुखण्याला वापी, वलसाड नाहीतर थेट मुंबई गाठणाऱ्या दादरा-नगर हवेलीसाठी ही मोठीच गोष्ट. हार्ट फेल्युअरचा रुग्ण मात्र खाटेवर सुधारतो आणि घरी जाऊन बिघडतो. त्याच्यासाठी या प्रदेशाने काय ठरवलं आहे, हे विचारायला हवं.

या आजारात हृदय बंद पडत नाही. शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला जमेनासं होतं आणि मागे पाणी साठत जातं. पावलं सुजतात, बोटाने दाबलं की खळगा पडतो. रात्री आडवं झालं की धाप लागते, मग उशीवर उशी चढते. घरचे म्हणतात, वय झालं. कोणी दम्याचा पंप देतो. सगळ्यात वाईट म्हणजे ‘अशक्तपणा’ म्हणून लावलेली सलाईन. ज्याच्या फुप्फुसात आधीच पाणी, त्याच्या शिरेत आणखी मीठ-पाणी सोडायचं! गावोगावच्या दवाखान्यांतली ही हौस कोणीतरी सक्तीने थांबवली पाहिजे.

निदान अवघड नाही. तपासणी, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि टू-डी इको. निरोगी हृदयाचा डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आपल्यातलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर फेकतो. हे प्रमाण चाळीस टक्के किंवा त्याखाली आलं की पंप कमजोर झाला. मात्र बऱ्याच रुग्णांत, विशेषतः वयस्क, मधुमेही आणि रक्तदाबाच्या बायकांत, आकडा ठीक असतो आणि हृदय ताठर झालेलं असतं. ‘इको नॉर्मल’ म्हणून त्यांना परत पाठवणं चूकच. तिथे बीएनपी ही रक्ततपासणी कामी येते.

उपचार गेल्या काही वर्षांत पार बदलले. सूज उतरवणारी लघवीची गोळी आराम देते. कमजोर पंपाच्या रुग्णाचं आयुष्य वाढवतात ती चार औषधं: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि मुळात मधुमेहासाठी आलेलं डॅपाग्लिफ्लोझिन. महागडी होती तीही पेटंट संपल्यावर स्वस्त झाली. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. डोस हळूहळू वाढवावा लागतो, रक्तदाब, पोटॅशियम, क्रिएटिनिन पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. सूज गेली की रुग्ण गोळ्या सोडतो. ‘मला साखर नाही, मग साखरेची गोळी कशाला?’ म्हणून एक सुटते. पाळीत सारखं मशीन सोडून जाता येत नाही म्हणून कारखान्यातला कामगार लघवीची गोळी टाळतो.

त्रिवेंद्रमच्या हार्ट फेल्युअर नोंदवहीत २०१३ साली १,२०५ रुग्णांची नोंद झाली. सरासरी वय ६१, म्हणजे पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी. कमजोर पंपाच्या रुग्णांपैकी चौघांतल्या एकालाच घरी जाताना शिफारशीप्रमाणे औषधं मिळाली होती. तीन वर्षांत जवळजवळ ४५ टक्के दगावले. हे केरळात, जिथली आरोग्यसेवा आपण वाखाणतो.

दादरा-नगर हवेलीत २०११च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक लोक आदिवासी. त्यांच्यात आढळणाऱ्या सिकलसेलचा जुना ॲनिमिया हृदयावर वर्षानुवर्षं भार टाकतो. लहानपणीच्या घसादुखीनंतरचा संधिवाताचा ताप झडपा खराब करतो, आणि ते पहिल्या बाळंतपणात धाप लागल्यावर कळतं. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं स्वस्त इंजेक्शन चुकवलं नाही, तर झडपांचं पुढचं नुकसान बरंच टळतं.

रुग्ण बिघडतो तो घरी, म्हणून वजनकाटा. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, तर ते अंगात साठलेलं पाणी समजावं. धाप लागण्याआधीच गोळीचा डोस बदलता येतो. हे ओळखायला हृदयरोगतज्ज्ञ लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याचे निष्कर्ष छापले, आणि पुढे देशभरातल्या आशाताई घरी जाऊन बाळाचं वजन करू लागल्या. त्याच आशाताईला आजोबांचं वजन, पावलांची सूज आणि ताटातलं सुकट-बोंबील, लोणचं-पापड पाहायला शिकवणं काही कठीण नाही. अर्जेंटिनात १,५१८ रुग्णांना नर्सने नियमित फोन केले, तेवढ्याने हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती होण्याचं प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी घटलं.

सिल्वासात वैद्यकीय महाविद्यालय आहे, खानवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. खानवेलला आठवड्यातून एक दिवस हार्ट फेल्युअरचा बाह्यरुग्ण विभाग, चारही औषधं तिथेच मोफत, आणि मांदोणी-दुधनीच्या पाड्यांवर फोन करणारी एक प्रशिक्षित नर्स. पुढच्या टप्प्याच्या इमारतीआधी प्रशासनाने एवढी तरतूद करावी.