स्कॅन करायचाच का? सोलापूरची गाडी पकडण्याआधी हे वाचा

नळदुर्गमध्ये कंबर धरली की घरात विषय निघतो, ‘सोलापूरला जाऊन एमआरआय करून टाकू.’ पन्नासेक किलोमीटरचा प्रवास, बुडालेला रोजगार आणि काही हजारांचं बिल. एवढं करून उपचार बदलणारच नसेल, तर स्कॅन कशासाठी?

कंबरदुखीत लगेच गरज नसते
साधी कंबरदुखी बहुतेकदा सहा आठवड्यांत कमी होते. मात्र पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप, विनाकारण वजन घटणं, मोठा मार लागणं, यातलं काही असेल तर थांबू नका.

किरणोत्सर्ग किती?
छातीच्या एका एक्स-रेत ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी, छातीच्या सीटीत साधारण ५ ते ७. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतो. एका सीटीचा धोका लहान असतो, विनाकारण पुन्हा पुन्हा केल्यास तो वाढत जातो. मुलांमध्ये जास्त. म्हणूनच मे २०२१ मध्ये ‘एम्स’चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी कोरोनाच्या सौम्य रुग्णांना सीटी टाळायला सांगितलं होतं. पण हायवेवरच्या अपघातात डोक्याला मार लागला, तर सीटी जीव वाचवतो.

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असा किरणोत्सर्ग नसतो.

मग एमआरआय बिनधोक?
नाही. त्यातलं चुंबक सहसा कायम चालू असतं, स्कॅन सुरू नसतानाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक मशिनकडे खेचला गेला आणि दगावला. दागिने, चाव्या, मोबाईल बाहेर ठेवा. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधी सांगा.

डॉक्टरांना काय विचाराल?
- या रिपोर्टने उपचार बदलणार आहे का?
- सोनोग्राफी किंवा साध्या एक्स-रेवर भागेल का?
- जुनी फिल्म, सीडी चालेल का?

गरोदरपणाची शक्यता, किडनीचा त्रास किंवा औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा.

प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. पण सगळा भार रुग्णावर टाकणंही बरोबर नाही. स्कॅन का हवा, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर एका ओळीत मराठीत लिहावं. ती एक ओळ एखाद्याची सोलापूरची फेरी वाचवेल आणि दुसऱ्याला वेळेत तिथे पोहोचवेल.