सही कुणाची, ते आधी दाखवा

कर्ज मागायला आलेल्या बाईला हल्ली एका वाक्यात वाटेला लावता येतं: "तुमचं सिबिल खराब आहे." ते कुणी खराब केलं, कशावरून केलं, हे विचारायचं असतं हेच तिला माहीत नसतं. मान खाली घालून ती घरी येते. घरात आणखी चार बोलणी खाते.

सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्या देशात हा धंदा करतात. बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या कर्जांची, हप्त्यांची माहिती त्यांना पुरवतात. त्यावरून आपला पतअहवाल तयार होतो. माहिती पुरवणारे ते, साठवणारे ते, विकणारेही तेच. चूक झाली की निस्तरायची मात्र बाईनं!

आमच्या वस्तीतल्या एका घरकामगार बाईचं उदाहरण सांगते. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिला कर्ज हवं होतं. बँकेनं नकार दिला. आम्ही अहवाल काढला, तर तिच्या नावावर एका मायक्रोफायनान्स कंपनीचं चाळीस हजारांचं थकलेलं कर्ज! गटाचं काम बघणाऱ्या माणसानं दोन वर्षांपूर्वी तिचं आधारकार्ड, फोटो नेले होते, आणि नंतर "तुमचं कर्ज नामंजूर झालं" म्हणून सांगितलं होतं. कंपनीच्या कार्यालयात तिला पहिला प्रश्न काय विचारला? "कागद दिलेच कशाला?"

हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. रात्री बाहेर पडलीसच कशाला, त्याच्याशी बोललीसच कशाला, हे विचारणाऱ्यांचाच हा भाऊ. आर्थिक साक्षरतेची शिबिरंही पुष्कळदा याच सुरात चालतात. बायांनो सावध राहा, ओटीपी सांगू नका, न वाचता अंगठा देऊ नका. सल्ला चुकीचा नाही. पण कागद घेतल्याशिवाय कर्ज मिळत नाही, हा नियम काही बाईनं केलेला नाही. ज्यांनी कागद घेतले, त्यांनी ते सांभाळायचे की नाही? सावधपणाचे सगळे धडे गिऱ्हाइकाला आणि सावकाराला एकही नाही, हे कसलं शिक्षण?

पैसे दिले असं जो म्हणतो, त्यानं ते दिल्याचं दाखवायचं, हा साधा न्याय आहे. म्हणून आम्ही लेखी तक्रारीत तीनच गोष्टी मागितल्या. कर्जाचा अर्ज दाखवा. त्यावरची सही दाखवा. पैसे कोणत्या खात्यात जमा केले, ते दाखवा. कंपनीकडे उत्तर नव्हतं. चोपन्नाव्या दिवशी नोंद निघाली. सोबतच्या पत्रात कारण होतं, "तांत्रिक चूक". एका बाईच्या नावानं खोटी सही होते, पैसे उचलले जातात, आणि त्याला म्हणायचं तांत्रिक चूक!

इथे कायदा बाईच्या बाजूनं आहे, पण तो तिच्यापर्यंत पोचत नाही. पतमाहिती कंपन्यांच्या 2005च्या कायद्यानं चुकीची नोंद दुरुस्त करून मागण्याचा हक्क दिला. 2017पासून चारही कंपन्यांनी दरवर्षी एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2023च्या आदेशानुसार तक्रार 30 दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. दुरुस्ती नाकारली तर कारणही कळवावं लागतं. या बाईचे 24 दिवस वर झाले होते, म्हणजे 2,400 रुपये. कंपनीनं ते आपणहून दिले नाहीत. नियमाचा उल्लेख करून दुसरं पत्र लिहिल्यावर दिले.

आता फुकट अहवाल ऑनलाइन मागायचा तर ओटीपी लागतो. तो येतो नोंदवलेल्या मोबाईलवर, आणि तो मोबाईल नवऱ्याच्या नाही तर मुलाच्या खिशात असतो. ज्यानं बायकोच्या नावावर परस्पर कर्ज काढलं, त्याच्याच हातात त्याची कुलूपकिल्ली!

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, हा ग्राहक पंचायतीचा विषय आहे, आपला हिंसाचाराचा. मला हे पटत नाही. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईच्या मागे नवऱ्यानं तिच्या नावावर केलेलं कर्ज येतं. नवं घर भाड्यानं घेणं, शिलाई मशीन घेणं तिथेच अडतं. त्याच 2005 सालच्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यानं आर्थिक छळालाही हिंसाच म्हटलं आहे. दबावाखाली तिनं स्वतः सही केली असेल, तर ती नोंद 'चूक' ठरणार नाही, हे खरं. पण तेव्हा त्या कायद्याखाली नुकसानीचे पैसे मागता येतात. मायक्रोफायनान्सच्या गिऱ्हाईक तर जवळजवळ सगळ्या बायाच. मग हा प्रश्न आपला नाही तर कुणाचा?

तेव्हा मैत्रिणींनो, संघटना म्हणून आपण मागायला हवं ते असं. प्रत्येक शाखेनं मराठीतली लेखी तक्रार घ्यावी आणि तारखेची पोच द्यावी. कर्ज नाकबूल केलं की अर्ज, सही आणि खातं दाखवल्याशिवाय वसुलीचा माणूस दारात येऊ नये. खोटी सही निघाली तर पोलिसांत कंपनीनं जावं, बाईला पाठवू नये. आणि 100 रुपये रोजाची भरपाई न मागता मिळावी.

हे होईपर्यंत थांबायचं कारण नाही. तक्रार कर्ज देणाऱ्याकडे आणि अहवाल काढणाऱ्या कंपनीकडे, दोन्हीकडे लेखी करा. प्रत आणि पोच जपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. 2022पासून या पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. 2019च्या कायद्यानुसार ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

गटातल्या बाया एकीच्या हप्त्याला दुसरी जामीन राहतात. कंपन्यांना त्यांची ही एकी वसुलीसाठी बरोबर सापडली. तीच एकी आता हिशेब मागायला वापरू या. पाच जणींनी मिळून शाखेत जायचं, आणि कुणी "कागद दिलेच कशाला" म्हणालं, की पाचही जणींनी एकच विचारायचं: सही कुणाची, ते आधी दाखवा.