चोरीला गेलेली विहीर आणि आपले हसू

गेल्या वर्षी जयंतीच्या तोंडावर माजलगाव तालुक्यातील एका वस्तीत मंडळाची बैठक भरली होती. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून नुकत्याच परतल्या होत्या, वर्गणी जमली होती, पडदा आणि मशीन भाड्याने ठरले होते. वाद एकाच गोष्टीचा होता. सिनेमा कोणता दाखवायचा? जुन्या कार्यकर्त्यांचे म्हणणे, जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ दाखवा. पोरांनी मात्र ‘जाऊ तिथे खाऊ’चा हट्ट धरला. “बाबासाहेबांच्या जयंतीला टवाळी दाखवता काय?” एका ज्येष्ठाने ठणकावले. शेवटी एका रात्री एक आणि दुसऱ्या रात्री दुसरा, असा तह झाला. प्रस्तुत लेखक दोन्ही रात्री तिथे हजर होता.

पहिल्या रात्री वस्ती हात जोडून बसली. दुसऱ्या रात्री तीच वस्ती पोट धरून हसली. ‘जाऊ तिथे खाऊ’ हा २००७ चा सिनेमा. मराठवाड्याची बोली पडद्यावर मिरवणारा मकरंद अनासपुरे त्यात आहे. सरकारी योजनेतली विहीर कागदावर खोदली जाते, कागदावर बांधली जाते, बिलेही निघतात. प्रत्यक्षात गावात खड्डासुद्धा नाही. मग शहाणपण असे सुचते की भ्रष्टाचार झाला म्हणून रडायचेच नाही. सरळ तक्रार करायची, साहेब, आमची विहीर चोरीला गेली! कागद म्हणतो विहीर होती. मग ती गेली कुठे? आता अधिकाऱ्याने एक तर चोर शोधावा, नाही तर कागद खोटा आहे असे स्वतःच्या तोंडाने सांगावे.

या प्रसंगाला सारी वस्ती हसत असताना माझ्या शेजारची एक म्हातारी, जिची निम्मी हयात उसाच्या फडात गेली, पदराने डोळे पुसत म्हणाली, “बाबा, चोरीला जायाला आधी हीर आपली तर पाहिजे की!”

त्या म्हातारीने सिनेमाच्या पुढचे सांगितले. दहा लाख विहिरींची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती अनुसूचित जाती-जमातींच्या अल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी आणि सुटका झालेल्या वेठबिगारांसाठी होती. १९९३-९४ पासून ती इतर गरिबांनाही खुली झाली. म्हणजे सरकारी विहिरीच्या कागदावर पहिले नाव आपल्या माणसाचे होते. ज्या माणसाच्या बापाला गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता आणि महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी ज्याच्या आज्याला १९२७ साली डोकी फोडून घ्यावी लागली, त्याच्या नावावर विहीर! पण सिनेमातली विहीर ही ‘गावाची’ विहीर आहे. तिच्यात भ्रष्टाचार आहे, पुढारी आहेत, साहेब आहेत. जात तेवढी नाही. श्याम बेनेगलांनी २०१० मध्ये हिंदीत ‘वेल डन अब्बा’ काढला, तोही याच चोरीच्या विहिरीवर. बोमन इराणीचा अर्मान अली हा मुंबईत नोकरी करणारा ड्रायव्हर. त्याच्या गावची दखनी बोली बीडच्या माणसाला परकी वाटत नाही. दारिद्र्यरेषेचा खोटा दाखला काढून तो विहीर मंजूर करून घेतो आणि प्रत्येक टेबलावर पैसे कापले जाता जाता त्याच्या हाती फक्त फोटो उरतो. बेनेगल निदान गरीब मुसलमानापर्यंत तरी पोहोचले. मराठी विनोदी सिनेमा तेवढेही धाडस क्वचितच करतो, हे आपण स्पष्ट बोलले पाहिजे.

तरीही पोरांचा हट्ट मला चुकीचा वाटत नाही. अशा विचित्र, उफराट्या विनोदाचे आपल्या माणसाला एवढे वेड का, याचा विचार कार्यकर्त्यांनी करायला हवा. पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला चोरीला गेलेली विहीर ही लेखकाची भन्नाट कल्पना वाटते. बीड जिल्ह्यातल्या माणसाला ती बातमी वाटते. इथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. दोन माणसे, चार हात, उचल एका कोयत्याची. बाई आजारी पडली की खाडा आणि खाड्याचे पैसे दोघांच्या अंगावर. इथली रेल्वे १९९५ ला मंजूर झाली आणि बीडला पहिली गाडी लागली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या काळात निवडणुकीच्या प्रत्येक सभेत ती येऊन गेली. असे जगणाऱ्याला सरळ रडका सिनेमा खोटा वाटतो. वाकडा सिनेमा खरा वाटतो, कारण त्याचे जगणेच कुणीतरी वाकडे करून ठेवले आहे.

पण हसण्याला दिशा असते. ज्येष्ठांचा राग तिथूनच येतो आणि तो समजून घेतला पाहिजे. पिढ्यान् पिढ्या तमाशाच्या बोर्डावर सोंगाड्या आपला होता आणि समोर लोडाला टेकून हसणारे दुसरे होते. नागराज मंजुळेंच्या ‘फॅन्ड्री’मध्ये, जो फेब्रुवारी २०१४ मध्ये थिएटरात लागला, हे नेमके पकडले आहे. जब्याचे कुटुंब डुक्कर धरायला धावत असते. डुक्कर तावडीत येते न येते तोच शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे जागच्या जागी ताठ उभे! डुकराला राष्ट्रगीत कळत नाही, ते आपले निघून जाते. थिएटरात हशा पिकतो. मीही हसलो. मग कळते की पडद्यावरचे गावही हसते आहे, या कुटुंबाची धावपळ बघत, चेकाळून. आणि शेवटी जब्याचा दगड पडद्यातून थेट आपल्याकडे येतो. हसणाऱ्याला जागा विचारणारा असा दुसरा दगड मराठी सिनेमात मला आठवत नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, २८ एप्रिल २०१४ ला, आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात, खर्डा येथे नितीन आगेचा खून झाला. अकरावी-बारावीच्या वयाचे पोर. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सारे आरोपी निर्दोष सुटले. खून झाला, हे कागदावर आहे. कुणी केला, ते कागदावर नाही. ही विहीर कुणी चोरली, हे विचारायला कोणत्या ठाण्यात जायचे?

म्हणूनच चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ माझ्या लेखी या जातीच्या सिनेमांमध्ये सर्वांत वरचा. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा की त्याचे गाणे ऐकून एका गटार कामगाराने जीव दिला. गटारात उतरताना ना मास्क, ना पट्टा. कामगाराची बायको साक्षीत सांगते की तो आधी झुरळ बाहेर येते का बघायचा. झुरळ जिवंत म्हणजे आत हवा आहे. न्यायाधीश हे शांतपणे लिहून घेतात. दुसऱ्या एका प्रकरणात बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून सुनावणीच होत नाही. यात एकही विनोदी नट नाही, एकही पंच नाही. तरी हसू येते आणि घशात अडकते. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे चळवळीतलेच, नागपूरचे ‘विद्रोही’चे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, व्हेनिसमध्ये गौरव झाला. आपल्या किती वस्त्यांत तो दाखवला गेला?

टवाळी ही चळवळीला परकी आहे, असे म्हणणाऱ्यांनी जोतीरावांचे ‘तृतीय रत्न’ उघडून बघावे. १८५५ च्या त्या नाटकात भोळ्या कुणबी बाईला लुबाडणाऱ्या जोशीबुवाचे पितळ उघडे पाडायला त्यांनी विदूषक उभा केला आहे. संस्कृत नाटकातला राजाचा खुशमस्कऱ्या उचलून त्यांनी तो शूद्रांच्या बाजूने बोलायला लावला. भीमराव कर्डकांच्या जलशांनी तमाशातला कृष्ण आणि गवळणी टाकल्या, हजरजबाबी संवाद टाकला नाही. आणि अगदी अलीकडे, २०१२ मध्ये, जालन्याच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले, संभाजी भगत यांच्या संकल्पनेतले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ बघा. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, त्यांचे विचार मात्र पृथ्वीवरच राहतात आणि बिचारा यम जिरेटोप घेऊन कुणाच्या डोक्यात बसतो ते शोधत भीमनगरात हिंडतो. शिवाजी महाराजांच्या नावाने आपल्या वस्त्यांवर चालून येणाऱ्यांना शंभर भाषणांनी जे पटले नाही, ते या उफराट्या गोष्टीने प्रेक्षागृहात हसत हसत ऐकवले. नट शेतकरी होते, मराठवाड्याचे होते.

सिनेमाला मात्र पैसा लागतो, आणि पैसेवाल्याला विहिरीतली जात नको असते. तोवर वाट बघत बसायची का? त्याच वस्तीतल्या पोरांनी पावसाळ्यात मोबाइलवर सात-आठ मिनिटांचे एक नाटुकले उतरवले. नवरा-बायको रेशनच्या कार्यालयात जातात. बाबू म्हणतो, दोन माणसे, दोन आधार कार्डे दाखवा. नवरा म्हणतो, साहेब, मुकादमाच्या वहीत आम्ही दोघे मिळून एक कोयता. मग इथे दोन कसे? बाबू मुकादमाला फोन लावतो, मुकादम कारखान्याला लावतो, कारखाना म्हणतो, आमच्याकडे माणसांची नोंदच नाही, फक्त टनांची आहे. तोवर बायको कंटाळून कोयता टेबलावर ठेवते आणि म्हणते, घ्या, ह्याचाच अंगठा घ्या.

बायकोचे काम करणारी मुलगी ऑक्टोबरात आईबापांबरोबर कारखान्यावर गेली, त्यामुळे शेवटचा प्रसंग अजून राहिला आहे. टोळ्या परतल्या की तो पुरा करायचा आणि यंदा १३ एप्रिलला तोच लावायचा, असे पोरांचे म्हणणे आहे. गेल्या वर्षी ठणकावणाऱ्या ज्येष्ठांना मी तो मोबाइलवर दाखवला. ते दोनदा हसले आणि म्हणाले, बाबू जरा जास्तच चांगला दाखवलाय.