आधी लस, मग शस्त्रक्रियेची तारीख

आखातात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत मोठी शस्त्रक्रिया मायदेशी, वार्षिक रजेतच उरकण्याची प्रथा पडली आहे. तिची कारणे समजण्याजोगी आहेत. तेथे खर्च आवाक्यात असतो, सेवाशुश्रूषेला घरची माणसे असतात आणि डॉक्टरांपाशी आपल्या भाषेत मन मोकळे करता येते. परंतु या प्रथेत एक मोठी उणीव आहे. रजा मोजकी, तिकीट आधीच काढलेले आणि नागपूर वा मुंबईत उतरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया! या वेळापत्रकात लसीकरणाला जागाच उरत नाही. अल मजाज परिसरातील आपल्या बंधु-भगिनींचे याकडे लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

लस ही केवळ लहान मुलांची बाब होय, असा समज सुशिक्षितांतही दृढ आहे. वस्तुतः काही शस्त्रक्रियांपूर्वी प्रौढांनाही लस घेणे अत्यावश्यक असते. लस टोचताच संरक्षण मिळत नाही. शरीराला प्रतिकारशक्ती उभी करण्यास साधारणतः दोन आठवडे लागतात. हा काळ पैसा देऊन विकत घेता येत नाही. तो आधीच राखून ठेवावा लागतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे प्लीहा, अर्थात पाणथरी, काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. प्लीहा रक्त गाळते आणि न्यूमोनिया, मेंदूज्वर यांसारखे रोग घडविणाऱ्या काही विशिष्ट जंतूंचा नाश करते. ती नसलेल्या माणसाला या जंतूंची बाधा झाली, तर सकाळी साधा वाटणारा ताप काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. हा धोका आयुष्यभर राहतो. म्हणूनच न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ब या तीन जंतूंविरुद्धच्या लसी नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी घ्याव्यात, हा वैद्यकशास्त्रातील मान्य नियम आहे. अपघातात प्लीहा तातडीने काढावी लागली, तर त्या साधारण दोन आठवड्यांनंतर देतात.

हा विषय आपल्या समाजाला विशेष जवळचा आहे. विदर्भात आदिवासींप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. मध्य भारतात आढळणारा या दोषाचा जनुकीय प्रकार अरबस्तानाच्या पूर्व भागातही आढळतो आणि शास्त्रज्ञ त्याला ‘अरब-भारतीय’ याच नावाने ओळखतात. या आजारात प्लीहा हळूहळू निकामी होते. काही मुलांत ती एवढी वाढते व रक्त साठवून ठेवते की, ती काढावीच लागते. पित्ताशयातील खडे आणि झिजलेला खुबा यांसाठीही या रुग्णांना शस्त्रक्रिया कराव्या लागतात. त्यांना लसीचे कवच इतरांहून अधिक हवे. भारत सरकारने न्यूमोकॉकसची लस बालकांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 2017 साली काही राज्यांत आणि 2021 साली देशभर आणली. त्यापूर्वी तेथे जन्मलेल्या आपल्या बहुसंख्य मुलांना ती मिळालेली नाही, हे ध्यानात घ्यावे.

दुर्दैवाने मुलीचे लग्न अडेल, लोक नावे ठेवतील, या भयाने सिकलसेलची गोष्ट घरात दडवली जाते. कधी कधी ती शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपासूनही लपवली जाते. आनुवंशिक दोष हा कोणाचाही अपराध नव्हे. मात्र तो डॉक्टरांपासून लपविणे रुग्णाच्या जिवाशी खेळणे आहे. कारण जे ठाऊक नाही, त्याची तजवीज डॉक्टर कशी करणार?

अन्य शस्त्रक्रियांनाही हाच विचार लागू पडतो. हिपॅटायटिस ब या काविळीच्या लसीच्या नेहमीच्या तीन मात्रा पूर्ण होण्यास सहा महिने लागतात. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण होणार असेल, तर गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लसी किमान चार आठवडे आधी उरकाव्या लागतात. प्रत्यारोपणानंतर त्या सामान्यतः देता येत नाहीत. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी. मात्र शस्त्रक्रियेच्या अगदी आदल्या दिवशी कोणतीही लस घेऊ नये. कारण त्यानंतर येणारा ताप लसीचा की जंतुसंसर्गाचा, असा संभ्रम निर्माण होतो.

कोणी म्हणेल, लसीसाठी शस्त्रक्रिया लांबवावी काय? कर्करोग वा आणीबाणीच्या प्रसंगी मुळीच नाही. परंतु आपण रजेचे महिने आधी सहा-सहा महिने ठरवितो. तेवढ्या अवधीत लसीकरण सहज साधते. हज व उमरा यात्रेकरूंमुळे मेंदूज्वराची लस तर आखातातील डॉक्टरांच्या नित्य परिचयाची आहे.

तेव्हा विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी येथील डॉक्टरांना भेटावे, मायदेशीच्या शल्यचिकित्सकांना ‘कोणत्या लसी हव्यात?’ असे स्पष्ट विचारावे आणि लसींची नोंद पारपत्रासोबत जपून ठेवावी. प्लीहा काढलेल्या व्यक्तीने तर ताप येताच, रात्र असो वा दिवस, रुग्णालय गाठावे. सुटीची आखणी आपण जितक्या काटेकोरपणे करतो, तितक्याच काटेकोरपणे ही आखणी केली, तर घरातील एखादे मूल वाचेल.