मॉडेल म्हणजे दुप्पट काम?

"मॉडेल लिहायचं म्हणजे तोच प्रोग्राम दोनदा लिहायचा. तेवढ्या वेळात हाताने ढीगभर टेस्ट केस होतात." मॉडेलवरून टेस्ट काढा म्हटलं की आमच्या टेस्टिंगच्या धंद्यातला हा ठरलेला आक्षेप. तो टिकायचा तर मॉडेल प्रोग्रामाएवढंच मोठं असायला हवं. तसं ते नसतं. कोणत्या स्थितीत काय दिलं तर काय मिळायला हवं, एवढंच ते सांगतं. मेमरी, वेग, पॉइंटर यांच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

व्होल्वोसाठी झालेलं काम पाहा. मोटारींच्या सॉफ्टवेअरचं ऑटोसार हे मानक सुमारे ३,००० पानांचं. स्वीडनच्या क्विव्हिक कंपनीने क्विकचेक या मॉडेलवरून टेस्ट काढणाऱ्या साधनात त्याचं सुमारे २०,००० ओळींचं मॉडेल केलं आणि निरनिराळ्या पुरवठादारांचा मिळून दहा लाख ओळींचा कोड त्यावर तपासला. याला दुप्पट म्हणणाऱ्यांचे पाढे कच्चे आहेत.

त्यात सापडलेला एक दोष बघण्यासारखा आहे. गाडीतले निरनिराळे भाग ज्या कॅन बसवरून एकमेकांशी बोलतात, तिच्यावर ज्या संदेशाचा क्रमांक लहान तो आधी जातो. ब्रेकचा संदेश स्टिरिओच्या आवाजामागे खोळंबू नये म्हणून. क्रमांक मुळात ११ बिटांचा, पुढे २९ बिटांचाही आला. लांब क्रमांक ओळखू यावा म्हणून एका वरच्या बिटात खूण ठेवलेली. एका कोडमध्ये तुलना करताना ती खूण वगळायची राहिली. झालं, लांब क्रमांकाचे संदेश हक्क असूनही मागे पडू लागले. दोन्ही जातींचे क्रमांक एकत्र सोडून पाहावेत, हे हाताने टेस्ट लिहिणाऱ्याला सहसा सुचत नाही. मॉडेलवरून यंत्राने काढलेल्या टेस्टना सुचावं लागत नाही.

"पण मॉडेलच चुकलं तर?" हा आक्षेप जास्त दमदार. चुकतंच. मॉडेल आणि कोड एकाच माणसाचे असले तर एकच गैरसमज दोन्हीकडे उतरतो आणि सगळं हिरवं दिसतं, हेही मान्य. एरवी मात्र दोघांचं जुळेनासं झालं की कुणालातरी स्पेक उघडून वाचावाच लागतो. ऑटोसारच्या कामात निघालेल्या दोनशेच्या आसपास दोषांपैकी निम्मे खुद्द मानकातच होते. कोडकडे बघून लिहिलेल्या टेस्ट ते कधी दाखवणार?

राहिला "आमच्या स्पेकात एकच बरोबर उत्तर नसतं" हा बचाव. नेदरलँड्सच्या यान ट्रेटमन्स यांनी १९९६च्या सुमारास मांडलेल्या आयोको सिद्धांतात त्याची सोय आहे. स्पेकाने तीन उत्तरं चालवून घेतली असतील तर तिन्हींपैकी कोणतंही पास. शिवाय गप्प बसणं हेही तिथे उत्तरच धरलं जातं. स्पेकाने परवानगी दिली नसताना सिस्टम गप्प बसली तर ती नापास. टाइमआउट आला की "नेटवर्क असेल" म्हणत टेस्ट पुन्हा चालवणाऱ्या टीमांनी एवढा भाग तरी वाचावा.